विश्लेषण : जुनी टू-स्ट्रोक रिक्षा घेऊन मुरबाडच्या कच्च्या वाटांवर? आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन!

शहाडचा उड्डाणपूल ओलांडला की कल्याण-मुरबाड रस्ता म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली करत मुरबाडकडे आणि पुढे टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जातो. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कच्च्या वाटा फुटतात. पाड्यांकडे, धरणांकडे, किल्ल्यांच्या पायथ्याकडे जाणाऱ्या या वाटा सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवाल्यांना खुणावतात. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा नाद असलेल्यांच्या मनात मात्र आणखी एक वाहन घोळते : निवृत्तीला आलेली टू-स्ट्रोक रिक्षा. ती साधी असते, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येही दुरुस्त होते आणि पावसात डोक्यावर छप्पर असते. पण प्रवासी वाहून थकलेली रिक्षा विकत घेऊन कच्च्या रस्त्यावर नेणे म्हणजे कायदा, यंत्र आणि तोल या तिन्हींची परीक्षा. घेण्यापूर्वी काय पाहावे, याविषयी...

टू-स्ट्रोक रिक्षा म्हणजे नेमके काय?

बजाजला स्कूटर आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाजिओच्या तंत्रज्ञानावर सुरुवातीच्या रिक्षा बनल्या. त्यांचे इंजिन पुढे, चालकाच्या पायांजवळ असे. १९७७ मध्ये इंजिन मागच्या बाजूला असलेली रिक्षा आली आणि पुढची काही दशके शहरोशहरी हीच रचना दिसत राहिली. १४५ सीसीचे एकच सिलिंडर, पंख्याच्या हवेने थंड होणारे इंजिन, पुढे चालण्यासाठी चार गिअर व एक रिव्हर्स, आणि आठ इंची छोटी चाके असा हा संसार.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. झडपा नाहीत, त्यांचा दांडा नाही, त्यामुळे सुटे भाग कमी. ऑइलचा वेगळा साठाही नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण पुरवते. याच साधेपणाची किंमत हवेला मोजावी लागते. जळालेला वायू बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भागही न जळता सायलेन्सरमधून निघून जातो. म्हणून तो निळसर धूर आणि म्हणूनच कमी मायलेज. प्रदूषणाचे निकष १९९६, २००० आणि त्यानंतर कडक होत गेले, तसे टू-स्ट्रोक मागे पडले. बीएस-३ वाहनांची विक्री आणि नोंदणी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून थांबली, तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. आज नवी रिक्षा म्हणजे फोर-स्ट्रोक, सीएनजी किंवा विजेवरची. त्यामुळे टू-स्ट्रोक हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते.

हा नाद करणारे आहेत का?

आहेत. ‘रिक्षा रन’ या साहसी प्रवासात जगभरातून आलेले हौशी लोक रिक्षा घेऊन सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भारत पालथा घालतात. सुरुवातीची अनेक वर्षे त्यासाठी हीच जेमतेम सात अश्वशक्तीची टू-स्ट्रोक रिक्षा वापरली गेली. सांगलीजवळच्या हरिपूरमध्ये संगमेश्वराच्या यात्रेनिमित्त रिक्षा उलट्या दिशेने पळवण्याची शर्यत रंगते. रिक्षा केवळ पोटापाण्याचे साधन नाही, ती हौसेचीही गोष्ट आहे, हे महाराष्ट्राला नवीन नाही.

मात्र ‘चालवता येते’ आणि ‘कच्च्या वाटेसाठी योग्य आहे’ यांत फरक आहे. तुलना करून पाहावी. टू-स्ट्रोकवाल्यांची लाडकी यामाहा आरएक्स १०० ही सुमारे १०३ किलोची मोटारसायकल ११ अश्वशक्ती देत असे. रिकामी रिक्षाच पावणेतीनशे किलोच्या आसपास आणि ताकद सात अश्वशक्ती. रिक्षाचा पहिला गिअर ओढीचा असतो, त्यामुळे ती चढते. पण हळू चढते आणि इंजिन तापवत चढते. ज्याला वेग हवा त्याने या फंदात पडू नये.

इंजिन शेवटी का पाहायचे?

जुनी रिक्षा पाहायला गेलेला माणूस आधी ती सुरू करायला सांगतो आणि आवाजावर भुलतो. क्रम नेमका उलटा हवा. टू-स्ट्रोक इंजिन हा या गाडीचा सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग आहे. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो, क्रँक नवी करता येते. गंजलेली बॉडी मात्र कितीही पत्रे लावले तरी पूर्वीसारखी मजबूत होत नाही. आणि कागद सडलेले असतील तर जगातला कोणताही मेकॅनिक ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन.

कागदांत काय तपासावे?

पहिला प्रश्न : गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे? बहुतेक रिक्षा ‘परिवहन’ वर्गात, म्हणजे भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी नोंदलेल्या असतात. अशा गाडीला परवाना लागतो आणि फिटनेस प्रमाणपत्र लागते : पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो; रिक्षा विकली म्हणून तो आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. सहलीसाठी रिक्षा घ्यायची तर तिचा परवाना रीतसर सुटलेला हवा आणि नोंदणी ‘परिवहनेतर’, म्हणजे खासगी वर्गात बदलून मिळायला हवी. ती मिळेल की नाही हे गाडीगणिक ठरते. म्हणून इसार देण्याआधी गाडीचा क्रमांक घेऊन आरटीओत विचारून यावे. एमएच ०५ क्रमांकाच्या गाड्यांसाठी ते कार्यालय म्हणजे कल्याण. ‘ते नंतर करून देऊ’ असे विक्रेता म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.

दुसरा प्रश्न वयाचा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क तीनचाकीसाठी २,५०० रुपये होते. ऑगस्ट २०२५ मधील बदलानुसार २० वर्षांपुढच्या तीनचाकीसाठी ते ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आहे. परिवहन वर्गातील रिक्षांना महानगर क्षेत्रात वयाची मर्यादा असते आणि मर्यादा संपलेली गाडी भंगारातच जायची असते. अशी गाडी ‘स्वस्तात’ मिळत असेल तर ती गाडी नव्हे, भंगार विकत घेतले जात आहे, हे लक्षात ठेवावे.

बाकीची यादी नेहमीची, पण एकही ओळ गाळू नये.

• एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी, फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा तपासावा. थकीत ई-चलान वेगळी पाहावीत.
• आरसीवरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अंकाअंकाने जुळवावा. चासी क्रमांकाभोवती ताजा रंग, वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा असतील तर तेथूनच परत फिरावे.
• बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र विक्रेत्याकडून आधी घ्यावे.
• हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर ना-हरकतीसाठी नमुना २८.
• सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर तिची आरसीवर नोंद आहे का आणि दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे का, हे पाहावे. चाचणी नसलेली टाकी घेऊन खडबडीत वाटेवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ.
• स्वतःच्या लायसन्सवर तीनचाकी चालवण्याची मुभा आहे का, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

पीयूसीचा अडथळा किती मोठा?

वाटतो त्यापेक्षा कमी, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जुन्या गाडीला तिच्या काळातला निकष लागू होतो. २००० पूर्वीच्या दुचाकी-तीनचाकींसाठी इंजिन नुसते सुरू असताना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालते. त्यानंतरच्या, बीएस-४ पूर्वीच्या टू-स्ट्रोकसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम. नीट जुळवलेला कार्ब्युरेटर, स्वच्छ सायलेन्सर आणि योग्य प्रमाणातले ऑइल असेल तर गाडी यात बसते. बसत नसेल तर इंजिनात काहीतरी बिघडलेले आहे. म्हणजे पीयूसी ही केवळ कटकट नाही, ती फुकटात मिळालेली तपासणीही आहे. विक्रेत्याला ताजी पीयूसी काढून द्यायला सांगावे आणि स्वतः सोबत जावे.

पत्रा आणि सांगाडा कसा पाहावा?

रिक्षाला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. वाकवलेला पत्राच सगळा भार पेलतो. त्यामुळे गंज हा रंगाचा नव्हे, ताकदीचा प्रश्न आहे. कल्याण-उल्हासनगरच्या पावसात वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी असू शकते. रबरी मॅट उचलून चालकाच्या पायाखालचा पत्रा पाहावा. स्टिअरिंगचा दांडा जेथे बॉडीला मिळतो तो सांधा, मागच्या दोन्ही चाकांचे आर्म जेथे अडकवलेले असतात त्या जागा आणि बॅटरीखालचा कोपरा ही तीन ठिकाणे निर्णायक. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर पुट्टी.

अपघातात वाकलेली रिक्षा ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर थोडे पाणी टाकून त्यावरून गाडी सरळ ढकलावी. ओल्या चाकांचे तीन पट्टे उमटतात. पुढच्या चाकाचा पट्टा मागच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये नसेल तर सांगाडा वाकलेला आहे. शहरात अशी गाडी कशीबशी चालते. कच्च्या उतारावर तीच गाडी हँडल सरळ धरूनही बाजूला ओढ घेते.

पुढचे चाक वर उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच अडखळले तर बेअरिंग गेलेले. मागची चाके उचलून आडवी हलवावीत. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत चिखल गेला असे समजावे. क्लच, गिअर आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल कुरतडलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. जंगलवाटेवर पहिल्यांदा दगा देतात त्या याच.

आणि इंजिन?

इंजिन थंड असताना पाहायला जावे आणि विक्रेत्याला तसे आधीच सांगावे. गेल्यावर सिलिंडरच्या आवरणाला हात लावून पाहावा. गरम असेल तर काहीतरी लपवण्यासाठी ते आधी सुरू करून ठेवलेले असू शकते. हँडस्टार्टचा दांडा हळू ओढल्यावर हाताला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. दांडा लोण्यासारखा सरकला तर रिंगा किंवा पिस्टन झिजलेले.

धूर ओळखणे ही खरी विद्या. सुरू होताना थोडा निळसर धूर येऊन तो कमी झाला तर ठीक. इंजिन तापल्यावरही पांढराशुभ्र दाट धूर येत राहिला आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील फाटले आहे. इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढून जाळते आहे. पंख्याच्या बाजूचे सील गेले असेल तर धूर नसतो, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन काही क्षण भणभणत राहते. हा बिघाड जास्त घातक, कारण आत जास्तीची हवा शिरून इंजिन तापते आणि पिस्टन पकडला जातो. तळातून येणारी टकटक क्रँकच्या बेअरिंगची असते. पंख्यावरचे पत्र्याचे आवरण काढून टाकलेले असेल तर तेही परत बसवून घ्यावे. त्याशिवाय हवा सिलिंडरच्या पंखांपर्यंत पोहोचत नाही.

यातल्या कशासाठीही व्यवहार मोडायची गरज नाही. मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने मागे इंजिन असलेली बजाजच बरी. भांडुपच्या एपीआय कंपनीने बनवलेल्या लॅम्ब्रेटा घराण्यातल्या तीनचाकी संग्राहकांसाठी आकर्षक खऱ्या, पण टोकावड्याच्या पुढे काही मोडले तर त्यांचे भाग कोठून आणणार?

कच्च्या वाटेवर तीन चाकांची खरी अडचण काय?

बैलगाडी, ट्रॅक्टर आणि जीप यांच्या चाकांनी वाटेवर दोन चाकोऱ्या पडतात. चारचाकी त्यांत बसते, मोटारसायकल एक निवडते. रिक्षाचे पुढचे चाक मात्र नेमके मधल्या उंचवट्यावर येते, जेथे गवत, दगड आणि बुंधे असतात. चाक आठ इंची असल्याने जीप सहज ओलांडते तो दगड रिक्षाला थांबवतो. शिवाय इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत डिफरन्शियलमधून वाटली जाते. एक चाक चिखलात घसरू लागले की सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते आणि गाडी रुतते. उतरून ढकलणे हाच उपाय. म्हणून एकट्याने जाऊ नये.

त्याहून गंभीर धोका उलटण्याचा. पुढे एकच चाक असल्याने गाडीचा आधार त्रिकोणी असतो. उतारावर वळताना ब्रेक दाबला की वजन त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जाते आणि गाडी कोपऱ्यावरून कलंडते. हे केवळ रिक्षाचे दुखणे नाही. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत मोकळ्या जमिनीसाठी जाड टायरची तीनचाकी आणली. पुढे होंडा, कावासाकी, यामाहा यांनी २५० सीसीच्या टू-स्ट्रोक शर्यती तीनचाकीही काढल्या. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. त्यांची जागा चारचाकी एटीव्हीने घेतली. ती वाहने निदान स्वाराने अंग झुकवून सावरण्यासाठी घडवलेली होती. रिक्षात तीही सोय नाही आणि छताचे वजन वर आहे.

म्हणून रिक्षा उंच करणे, मोठे टायर बसवणे, टपावर सामान लादणे हे हौशी बदल टाळावेत. त्यांनी तोल बिघडतोच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत विनापरवानगी बदल करता येत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते. जड सामान मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवावे, माणसे दोनच न्यावीत आणि कच्च्या वाटेवर डोक्याला हेल्मेट असावे.

घाट आणि पेट्रोल यांचा काय संबंध?

टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलसोबत येते. त्यामुळे माळशेजसारखा लांब उतार अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये उतरत राहिले, तर चाके इंजिन फिरवत राहतात, पण आत पेट्रोल आणि म्हणून ऑइलही फारसे जात नाही. चढताना तापलेला पिस्टन उतरताना पकडला जातो, तो असा. उपाय सोपा : मधूनमधून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. टू-स्ट्रोकला इंजिनाचा रोध कमी असल्याने उतारावर भार ड्रम ब्रेकवर येतो. म्हणून थांबत, ब्रेक थंड करत उतरावे. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नये.

ऑइलचे प्रमाण साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे असेल तर तेच पाळावे. ‘जास्त घातले म्हणजे जास्त सुरक्षित’ हा गैरसमज आहे; जादा ऑइलने प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतो. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलने आणखी एक काळजी वाढवली आहे. या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाच्या मानाने हवा जास्त होते, इंजिन अधिक तापते आणि जुनी रबरे लवकर खराब होतात. इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीत टाकी भरून ठेवू नये. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरची रबरे आधीच बदलून घेणे स्वस्त पडते.

कोठे न्यावी, कोठे नेऊ नये?

कच्ची वाट दिसली म्हणजे ती मोकळी असतेच असे नाही. मुरबाड तालुक्याचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. सिद्धगडच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याची हद्द लागते. राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय वाहन घालणे हा गुन्हा आहे. नाणेघाटासाठी वैशाखऱ्याच्या बाजूने पायवाटच आहे. तेथे गाडी रस्त्याला लावून चालत जावे. उरलेल्या वाटा बहुधा शेतांमधून आणि पाड्यांमधून जातात. भाताच्या दिवसांत बांधावर चाक घालणे म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या पिकावर चाक घालणे. टू-स्ट्रोकचा आवाज हौशी माणसाला संगीत वाटतो, पाड्यावरच्या तान्ह्या बाळाला वाटत नाही. विचारून जावे, हळू जावे.

पावसाळ्यात हा बेत नकोच. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वरप, कांबा, रायते परिसराची काय अवस्था केली ते स्थानिकांना चांगले आठवते. रिक्षाचे इंजिन मागे आणि खाली असते. ओढ्याचे पाणी चाकाच्या मध्यावर आले की मॅग्नेटो, एअर फिल्टर आणि सायलेन्सर तिन्ही धोक्यात येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या इंजिनालाही मानवतो.

मग घ्यावी की नाही?

रोजच्या वापरासाठी, वेगासाठी किंवा खऱ्याखुऱ्या डोंगरवाटांसाठी नाही. महिन्यातून एक-दोनदा शहाडहून निघावे, गोवेलीला चहा घ्यावा, मुरबाडच्या पुढे एखाद्या गावच्या मातीच्या रस्त्याने तासाला वीस-पंचवीस किलोमीटरने जावे आणि संध्याकाळी परत यावे, एवढीच अपेक्षा असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर होय. मात्र मागितलेल्या किमतीत हस्तांतर, नूतनीकरण, कर, विमा, केबल, टायर आणि इंजिनाचे काम मिळवूनच हिशेब करावा. गाडीत दोन प्लग, प्लगपाना, टू-टी ऑइल, क्लच आणि गिअरची एकेक केबल, ट्यूब आणि दोर असावा.

भाडे मात्र कधीही घेऊ नये. खासगी नोंदणीच्या रिक्षात पैसे घेऊन एकही प्रवासी बसवला तर तो परवान्याविना प्रवासी वाहतुकीचा गुन्हा ठरतो, आणि त्या फेरीत अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.